पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी चिकटतात ती कुणामुळे? सर्जनमुळे की आपल्याच पेशींमुळे?

सई_कु

आईचं (वय ६४) गर्भपिशवीचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालं, पोट उघडून. त्यानंतर कधी काही त्रास नाही. गेल्या महिन्यात अचानक पोट फुगलं, कळा येऊन येऊन जायच्या, हिरव्या उलट्या, वारासुद्धा सरेना. सांगलीत ॲडमिट केलं. नाकातून नळी घातली, सलाईनवर उपाशी ठेवलं आणि काही दिवसांनी आपोआप मोकळं झालं. चिरफाड करावी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, "जुन्या ऑपरेशनमुळे आतडी आतून चिकटलीत, पुन्हा होऊ शकतं."

घरात आता दोन तट आहेत. मामा म्हणतो, तेव्हाच्या सर्जनने काम धड केलं नाही. माझ्या वाचनात आलं की हा चिकटवण्याचा उद्योग आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशीच करतात. तसं असेल तर ऑपरेशनच्या आगेमागे आठवडाभर त्यांना गप्प बसवणारं औषध द्यायचं, विषय मिटला. किडनी बदलतात तेव्हा देतातच की. इथे का देत नाहीत?

शिवाय आता जे चिकटलंय ते सोडवून घ्यावं का, यावरही सांगा.

झणझणीत

रुमाल टाकून ठेवतोय. माझंही अपेंडिक्स गेलंय.

खवचट_बोका

मामा सर्जनच्या मागे, तुम्ही पेशींच्या मागे. अजून कुणी सुनेचं नाव कसं घेतलं नाही?

शल्यकर्मी

तालुक्याच्या गावी जनरल सर्जरी करतो, त्यामुळे विषय रोजचा.

आधी मामांचं. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर आत कुठे ना कुठे चिकटलेलं सापडतंच. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण ५० टक्क्यांपासून ९० टक्क्यांच्याही वर गेलेलं आहे. सर्जनचा हात कितीही हलका असो. पोटाच्या भिंतीला आतून आणि सगळ्या अवयवांना बाहेरून एक अस्तर असतं, पेरिटोनियम. त्याचा वरचा थर एका पेशीच्या जाडीचा. पसरून ठेवलं तर अंगावरच्या कातडीएवढं भरेल. त्यावर जरासं पाणी असतं म्हणून आतडी दिवसरात्र एकमेकांवरून सरकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे अस्तर फार नाजूक. बोट लागलं, गॉजने पुसलं, कॉटरीचा (रक्त थांबवायला विजेने डागतात तिचा) चटका बसला, अगदी ऑपरेशन थिएटरच्या दिव्याखाली कोरडं पडलं तरी सोलवटतं. सोलवटलं की द्रव झिरपतो, त्यातून फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठताना बनतात त्या धाग्यांचं, जाळं तयार होतं आणि शेजारशेजारचे दोन भाग धरून ठेवतं.

पुढच्या दोनचार दिवसांत सगळं ठरतं. हे जाळं विरघळवणारं टीपीए नावाचं द्रव्य शरीरच तयार करतं. ते वेळेत पोचलं तर अस्तर पाच ते सात दिवसांत नवं येतं, मागमूस राहत नाही. पण दाह असेल, रक्तपुरवठा कमी पडला असेल, तर पीएआय-१ नावाचा त्याचा विरोधक वाढतो आणि टीपीए दबतं. जाळं तसंच राहतं, त्यात फायब्रोब्लास्ट, म्हणजे वण तयार करणाऱ्या पेशी शिरतात, कोलॅजेनचे चिवट तंतू टाकतात, मग रक्तवाहिन्या येतात, मज्जातंतूसुद्धा. झाला कायमचा पट्टा.

दुसऱ्यांदा पोट उघडावं लागतं तेव्हा काय दिसतं ते सांगतो. कधी बोटाने सुटतील असे तलम पापुद्रे असतात. कधी दोरीएवढा जाड पांढरट पट्टा, त्याखाली अडकलेलं वेटोळं, पट्ट्याच्या अलीकडचं आतडं फुगून मनगटाएवढं आणि पलीकडचं रिकामं, करंगळीएवढं. पट्टा कापला की त्या रिकाम्या भागात पाणी आणि हवा सरकताना डोळ्यांनी दिसते.

सर्जनचा संबंध नाहीच असं मात्र म्हणणार नाही. अस्तर ओलं ठेवणं, रक्त नीट थांबवणं, नको तिथे हात न घालणं, याने फरक पडतो. पूर्वी हातमोज्यांना स्टार्चची पावडर असायची, ती पोटात सांडली की तिच्याभोवती गाठी धरायच्या आणि तिथेच चिकटायचं. अमेरिकेत पावडरच्या मोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदी आली. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये चिकटणं कमी होतं, अजिबात होत नाही असं नाही.

पेशींबद्दल माझ्यापेक्षा इथे कुणी जास्त सांगू शकेल.

नाना_विदर्भ

काहून येवढं घाबरता जी? आमच्या आजीच्या काळी कोणाचं पोट फुगलं की कोमट दुधात दोन चमचे एरंडेल. सकाळपर्यंत सगळं साफ. आतडी सुटतात बरोबर. वरून साजूक तूप चालू ठेवा, आतून वंगण राहते.

शल्यकर्मी

नाना, वडिलकीचा मान ठेवून सांगतो, हे कुणी करू नका. आतडं अडलेलं असताना एरंडेल देणं म्हणजे बंद दारावर मागून जोर लावणं. आतडं आणखी जोराने आवळतं, कळा वाढतात, उलट्या वाढतात, आणि अडलेल्या भागाचा रक्तपुरवठा आधीच तुटत आला असेल तर ते फुटू शकतं. असे रुग्ण घरगुती उपायात दिवस घालवून येतात तेव्हा आतडं काळं पडलेलं असतं आणि तेवढा भाग कापून काढावा लागतो.

तुपाचं म्हणाल तर ते आतड्याच्या आतून जातं. चिकटतं ते बाहेरून. वंगण तिथे पोचतच नाही.

नाना_विदर्भ

बरं बाप्पा, एरंडेल परत घेतलं. तूप नाही घेणार परत.

गणित_मास्तर

९० टक्के हा आकडा वाचून अर्धं संस्थळ आज झोपणार नाही, म्हणून थोडं. चिकटणं वेगळं आणि त्याचा त्रास होणं वेगळं. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी ऑपरेशनं झालेल्या जवळपास ३० हजार लोकांचा दहा वर्षं माग काढला होता, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साधारण तिघांपैकी एक जण पुन्हा रुग्णालयात आला, सरासरी दोनदा. बातम्यांत एवढंच येतं. पण या मोजणीत 'संबंध असू शकेल' आणि 'पुढच्या ऑपरेशनला चिकटल्याने अडचण येऊ शकली असती' असेही लोक धरलेत. निव्वळ चिकटल्यामुळेच दाखल व्हावं लागलं, असे प्रसंग एकूण पुनर्दाखल्यांपैकी ६ टक्क्यांच्या आतबाहेर.

सईताईंच्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासात आहे. पहिल्या वर्षात सुमारे २२ टक्के दाखले आले आणि उरलेले दहाही वर्षं येतच राहिले. "इतक्या वर्षांनी कसं काय?" याचं उत्तर त्यात आहे.

सई_कु

धन्यवाद मास्तर. हेच मामाला दाखवते. पण पेशींचं राहिलंच.

पेशीवाली

आले. जर्मनीत आहे, दाह आणि व्रण (म्हणजे जखमेचा वण) यावरच पोस्टडॉक, पीएचडीनंतरचं संशोधन, चालू आहे. माझं काम फुप्फुसावर असलं तरी पोटाचं वाचावं लागतं. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

सईने वाचलेलं बहुधा २०२१ साली सायन्स या नियतकालिकात आलेलं काम असावं. कॅनडातलं कॅलगरी आणि स्वित्झर्लंडमधलं बर्न इथले गट, योएल झिंडेल आणि पॉल क्युब्स ही त्यातली मुख्य नावं. उंदराच्या पोटाची भिंत इतकी पातळ असते की न कापता, जिवंत उंदरात, सूक्ष्मदर्शकाने आतलं बघता येतं. त्यांनी लेझरने अस्तरावर बारीकशी जखम केली आणि बघत बसले.

पोटातलं जे पाणी शल्यकर्मींनी सांगितलं त्यात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, कायम तरंगत असतात. गाटा-६ नावाचं प्रथिन ही त्यांची ओळखखूण. एरवी जखम झाली की पांढऱ्या पेशी रक्तातून याव्या लागतात, वाहिनीची भिंत धरायची, तिच्यातून बाहेर पडायचं, मग जखमेपर्यंत जायचं, यात तास जातात. या मात्र आधीच तिथे हजर. श्वासाबरोबर पाणी हलतं तशा फिरत असतात. जखमेवरून जाताना एक चिकटली, तिला दुसरी, दुसरीला तिसरी, आणि काही मिनिटांत जखमेवर पेशींचा थर. रक्तवाहिनीला भोक पडलं की प्लेटलेट जे बुजवायचं काम करतात तेच, फक्त रक्ताच्या बाहेर. या पेशी आधीच काढून टाकलेल्या उंदरांत जखम भरायला उशीर झाला. म्हणजे त्यांचं मूळ काम दुरुस्तीचंच आहे.

ऑपरेशनमध्ये जखम सुईच्या टोकाएवढी नसते. मोठा पट्टा सोलवटलेला, त्यात टाक्याचा दोरा, गॉजचे तंतू. तिथे या पेशींना थांबायचं कळत नाही. एकावर एक चढत पुंजके होतात, पुंजक्यांचे लांबलांब पूल होतात, पुलाचं एक टोक आतड्याला आणि दुसरं भिंतीला. पुढे त्याच पुलावर व्रण. चिकटायला त्या जे रेणू वापरतात ते नेहमीचे, रक्तातल्या पेशींचे नाहीत. स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरच्या रेणूंचं एक घराणं आहे, मार्को त्यातला एक, एरवी कचरा आणि जंतू ओळखायला वापरतात. हे रिसेप्टर अडवले तर उंदरांत पुंजकेही कमी झाले आणि चिकटणंही.

मला सगळ्यात गंमत वाटली ती इथे. अशाच घराण्यातले रेणू सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या पेशींत ढिगाने असतात. त्याला आपल्यासारखं रक्त गोठवणं नाही. अंगाच्या पोकळीत तरंगणाऱ्या पेशीच एकमेकींना धरून भोक बुजवतात. म्हणजे प्लेटलेटच्या कितीतरी आधीची युक्ती आपल्या पोटात अजून चालू आहे, आणि पोट बाहेरून उघडून त्यात दोरा सोडणारा प्राणी कधी येईल हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

अवांतर: भक्षक पेशींचा शोधच मुळी अशा प्राण्यात लागला. मेचनिकॉफ १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी होते. ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून ठेवला, दुसऱ्या दिवशी बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल मिळालं.

कोकणी_मासा

म्हणजे पोटाच्या बाबतीत माणूस आणि सी अर्चिन सख्खे शेजारी. आमच्या आवशीक सांगतंय, ती म्हणतली "तुझा डोक्याचाय तसाच असतला."

खवचट_बोका

उंदराच्या पोटाला खिडकी लावून बघत बसायचे पगार मिळतात. आम्ही आयटीत उगाच गेलो.

शल्यकर्मी

पेशीवाली, सुरेख लिहिलंय. पण सर्जन म्हणून एक खोच. उंदरात चिकटणं थांबवणारी औषधं मी शिकत होतो तेव्हापासून ऐकतोय. दर काही वर्षांनी एक नवीन. रक्त पातळ करणारं हेपरिन झालं, स्टेरॉइड झालं, अँटिहिस्टामिन झालं, रक्ताची गुठळी विरघळवणारी झाली. माणसात आली की एक तर उपयोग दिसत नाही किंवा रक्तस्राव नाहीतर न भरणारी जखम. सध्या माणसात वापरतो ते सगळं साधं आहे: मधे पडदा घालायचा. हायलुरोनेटचा पापुद्रा १९९६ पासून अमेरिकेत मंजूर आहे, सेल्युलोजची जाळी आहे, आयकोडेक्स्ट्रिनचं पाणी आहे जे पोटात सोडून ठेवतात म्हणजे अवयव काही दिवस तरंगत राहतात. कशानेच पूर्ण थांबत नाही आणि भारतात बहुतेक ठिकाणी किमतीमुळे वापरलं जात नाही. उंदराच्या पोटावरून सांगलीतल्या आईला काय सांगायचं?

पेशीवाली

आईंना आज सांगण्यासारखं काही नाही, कबूल. पण ती जुनी औषधं अंधारात मारलेले दगड होते, कारण कुठली पेशी कधी येते हेच माहीत नव्हतं. आता क्रम दिसायला लागलाय.

तुमचा पीएआय-१ घ्या. तो वाढतो एवढंच आपण म्हणत होतो. जपानमधल्या ह्योगोच्या गटाने २००८ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये दाखवलं की एनकेटी नावाच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) इंटरफेरॉन-गॅमा हा रासायनिक निरोप सोडतात आणि त्यामुळे पीएआय-१ वाढतं. उंदरांत तो निरोप अडवला तर चिकटणं कमी. त्याआधी सीडी-४ टी पेशींचा, म्हणजे दुसऱ्या एका जातीच्या लिम्फोसाइटचा, हात दिसला होता. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की अस्तराच्या पेशी स्वतःच रूप बदलून व्रणाच्या पेशी होतात. म्हणजे सोलवटलेलं अस्तर नुसतं बळी नाही, गुन्ह्यात सामीलही आहे. भक्षक पेशी मिनिटांत, न्यूट्रोफिल (रक्तातून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) तासांत, लिम्फोसाइट आणि फायब्रोब्लास्ट दिवसांत. प्रत्येकाची वेळ वेगळी.

आता सईच्या मूळ प्रश्नाकडे. सगळ्यांना एकदम गप्प का करत नाहीत? किडनी बदलल्यावर जी औषधं देतात ती मुख्यतः टी पेशींना आवरतात, पहिल्या काही मिनिटांतल्या या भक्षक पेशींना नाही. म्हणजे नेम चुकीच्या जागी. आणि सगळ्यांनाच आवरणारं काही दिलं तर आतड्याचा जोड भरायचा कुणी? जंतू खायचे कुणी? त्या पेशींना मारायचं नाही, त्यांनी पुंजके करायच्या वेळेपुरतं एकमेकींना धरू द्यायचं नाही, एवढाच नेमका डाव हवा. अजून ते उंदरांतच आहे, आणि माणसाच्या पोटात या गाटा-६ पेशी उंदराच्या मानाने कमी असतात. शल्यकर्मींची शंका तिथे रास्त आहे.

शल्यकर्मी

"जोड भरायचा कुणी" याच्याशी शंभर टक्के सहमत. आतडं कापून जोडतो तेव्हा आम्ही मनातल्या मनात या चिकटण्याचीच प्रार्थना करत असतो. जोड गळला तर रुग्ण जीवानिशी जाऊ शकतो. चिकटलं तर फार तर दहा वर्षांनी शिव्या देतो.

आणि झणझणीत, तुमचं अपेंडिक्स म्हणून सांगतो. अपेंडिक्स सुजून दोनतीन दिवस उलटले की पोटातला चरबीचा पडदा आणि आतडी त्याच्याभोवती गोळा होऊन चिकटतात आणि पू आतच कोंडून ठेवतात. आम्ही त्याला अपेंडिक्सचा गोळा म्हणतो. अशा वेळी बहुतेकदा लगेच चाकू लावत नाही, अँटिबायोटिक देऊन थांबतो. तो गोळा झाला नसता तर पू पोटभर पसरला असता.

झणझणीत

म्हणजे माझ्या पेशींना थँक्यू म्हणायचं की नाही?

शल्यकर्मी

त्याआधी दोन दिवस ओव्याचा अर्क घेऊन घरी बसला असाल तर पेशींना थँक्यू, स्वतःला नाही.

गणित_मास्तर

छातीच्या डॉक्टरांकडे तर मुद्दाम चिकटवतात. फुप्फुसाभोवती पुन्हा पुन्हा पाणी होत असेल तर तिथे टाल्कची पावडर सोडतात, म्हणजे दाह होऊन फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटतं आणि पाण्याला जागाच उरत नाही. एका खोलीत एका पावडरला बंदी, शेजारच्या खोलीत दुसरी पावडर हाच उपचार.

मांजराकाठ

विषय पिशवीच्या ऑपरेशनचा निघालाय म्हणून. मी बीड जिल्ह्यातली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ मध्ये गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चर्चा झाली ती गरज नसताना पिशवी का काढली याची, मुकादम, उचल, खाडा आणि दंडाची. ती व्हायलाच हवी होती. पण पुढचं कुणी विचारलं नाही. तिशीतल्या बाईचं पोट उघडलं म्हणजे तिच्यापुढे चाळीस वर्षं आहेत पोट अडण्याची. ती फडात असते, कोपीत राहते, पोटात कळ आली तर मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेते. तिच्याकडे ऑपरेशनचा कागदही नसतो. कुठल्या डॉक्टरला कळणार आत काय झालंय?

खवचट_बोका

यावर विनोद सुचत नाही. +१.

शल्यकर्मी

मांजराकाठ, अगदी खरं. टाक्याचा वण दिसतो, पण आत नेमकं काय केलंय ते कागदाशिवाय कळत नाही. त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता. पोट अडलेल्या प्रत्येकात जुनं ऑपरेशन असतंच असं नाही. पोटाचा टीबीही आतडी चिकटवतो, आणि तो आपल्याकडे अजून भरपूर आहे. वजन उतरलंय, संध्याकाळी कणकण येते, ऑपरेशन कधी झालंच नाही आणि तरी पोट अडतंय, तर आधी तो शोधावा. तिथेही भक्षक पेशीच गाठी धरतात, पण तो वेगळा धागा होईल.

वैदेही_ठाणे

सईताई, सोडवून घ्यावं का या प्रश्नावर, भुक्तभोगी म्हणून. दोन सिझर, मग सिस्टचं ऑपरेशन, आणि तेव्हापासून ओटीपोटात डाव्या बाजूला दुखणं. सोनोग्राफी नॉर्मल, सीटी नॉर्मल. घरच्यांनी "मनाचं आहे" म्हणून झालं, सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली. शेवटी एका मोठ्या रुग्णालयात (नाव देत नाही) दुर्बिणीने सगळं सोडवून दिलं. काही महिने स्वर्ग. मग हळूहळू पुन्हा तेच. कुणी आधी सांगितलं नव्हतं की सोडवलेलं पुन्हा चिकटू शकतं. आता फिजिओ आणि दुखण्याच्या क्लिनिकची औषधं, बरंच बरं आहे.

पेशीवाली

वैदेही, सोनोग्राफी-सीटीत न दिसणं हे मनाचं असण्याचा पुरावा अजिबात नाही. हे पट्टे इतके पातळ असतात की साध्या तपासणीत बहुतेकदा दिसतच नाहीत. त्यांच्यात मज्जातंतू शिरलेले असतात हे वर आलंच आहे.

सोडवण्याबद्दल एक महत्त्वाची चाचणी आहे, नेदरलँड्समधली, २००३ साली लॅन्सेटमध्ये आली. पोट सतत दुखणारे आणि आत चिकटलेलं असलेले १०० रुग्ण. चिठ्ठी टाकून निम्म्यांचं चिकटलेलं सोडवलं, निम्म्यांत दुर्बीण घालून नुसतं बघितलं आणि बाहेर आले. रुग्णांना कुठलं झालं ते सांगितलं नाही. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम. पेशींच्या बाजूने बघितलं तर नवल नाही. सोडवणं म्हणजे पुन्हा सोलवटणं, आणि पुन्हा तोच मिनिटांचा खेळ.

वैदेही_ठाणे

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

शल्यकर्मी

त्या चाचणीचा अर्थ 'कधीच सोडवू नये' असा मात्र घेऊ नका. ती फक्त दुखण्याबद्दल होती. आतडं अडलंय आणि सुटत नाहीये, पीळ बसलाय, तिथे ऑपरेशनला पर्याय नाही. मूल राहत नाही आणि गर्भनळ्या चिकटल्यात, तिथेही विचार होतो.

सई_कु

आईला सध्या काही त्रास नाही. मग सोडवण्याच्या भानगडीत पडत नाही. पण पुन्हा झालं तर घरी किती वेळ थांबायचं? आणि खाण्यात काही? शेजारच्या काकू म्हणतात पोटपट्टा बांधा आणि रोज चालवा म्हणजे चिकटणार नाही.

शल्यकर्मी

पोटपट्ट्याने चिकटणं थांबत नाही. ऑपरेशननंतर लवकर चालवतो ते पायात रक्त गोठू नये, आतडी लवकर कामाला लागावीत म्हणून. चिकटणं त्याने टळतं असं सिद्ध झालेलं नाही. चालणं चांगलंच आहे, चालू द्या.

खाण्यात: एका वेळी थोडं थोडं, नीट चावून. ज्यांचं एकदा अडलंय त्यांनी चोथा असलेलं एकदम भरपूर खाऊ नये. संत्र्याच्या फोडी सालपटासकट गिळणं, अंजिराचा ढीग, कच्च्या कोबीचं ताटभर सलाड. अरुंद जागेत असा चोथ्याचा गोळा अडकलेला मी स्वतः काढलाय.

घरी थांबायचं किती? उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं आणि वारा सरणं बंद झालं, हे तिन्ही एकत्र असेल तर थांबायचं नाही, तोंडाने काही द्यायचं नाही, निघायचं. येऊन जाणारी कळ सतत दुखण्यात बदलली, ताप आला, नाडी धावायला लागली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो, तिथे तास मोजतात. एरवी नळी, सलाईन आणि वाट बघणं, यावर पुष्कळ जण सुटतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी एक आयोडिनचं औषध नळीतून देऊन एक्सरे काढतात. २४ तासांत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं तर बहुधा ऑपरेशन टळतं. पोचलं नाही तर सर्जन तयारीला लागतो.

आणि आईंच्या पिशवीच्या ऑपरेशनचा आणि या वेळचा, दोन्ही डिस्चार्ज कागदांचे फोटो काढून सगळ्या भावंडांच्या मोबाइलवर ठेवा. मांजराकाठ म्हणाल्या ते शहरातही तितकंच लागू आहे.

सई_कु

फोटो काढून ग्रुपवर टाकले. मामाने मास्तरांचा प्रतिसाद वाचला, आता म्हणतो "मग त्या स्कॉटलंडच्या सर्जननेसुद्धा काम धड केलं नसेल."

खवचट_बोका

मामाला इथे आयडी काढून द्या. धागा शंभरी गाठेल.

तुषार_धुळे

उशिरा आलो, पण पेशीवालींनी "दोरा दिसला की पेशी थांबत नाहीत" लिहिलंय ते वाचून पोटात गोळा आला. वडिलांचं हर्नियाचं जाळीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, दुर्बिणीने. जाळी म्हणजे तर केवढा दोरा! आतडी जाऊन तिलाच चिकटणार का? रद्द करू का?

शल्यकर्मी

रद्द करू नका. जांघेच्या हर्नियात दुर्बिणीने जाळी बसवतात ती अस्तराच्या बाहेर, अस्तर आणि स्नायू यांच्या मधे. अस्तर उघडावं लागलं तर वरून पुन्हा बंद करतात. आतड्याचा आणि तिचा सामना होत नाही. पोटाच्या मधल्या हर्नियात कधी कधी जाळी आतल्या बाजूला ठेवावी लागते, तेव्हा आतड्याकडच्या बाजूला न चिकटणारा थर असलेली जाळी वापरतात. ती महाग असते. सर्जनना सरळ विचारा, "जाळी कुठल्या थरात ठेवणार आणि आतड्याकडच्या बाजूला काय असणार?" उत्तर द्यायला त्यांना एक मिनिट लागेल.

तुषार_धुळे

जांघेचाच आहे, उजवीकडचा. उद्या फोन करून विचारतो आणि इथे कळवतो.